एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवरून व्हर्च्युअल मशीन परत उभं करायचं कसं

मृग लागला, पहिला गडगडाट झाला की गोव्यात फोंडा, साखळी, वाळपई बाजूला कुणाचा ना कुणाचा पीसी उडतोच, आणि मग विचारणा सुरू होते की जुन्या मशीनची फाइल आहे, एक्स्पोर्ट करून ठेवली होती, आता ती चालू कशी करायची. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. उदाहरणाला गावातल्या एखाद्या देवस्थानाचा हिशेब धरूया. जुनं विंडोज, त्यात पावत्या आणि महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांची, यादी ठेवणारं जुनं सॉफ्टवेअर, ते नव्या विंडोजवर चालेना म्हणून कुणीतरी व्हर्च्युअलबॉक्समधे, म्हणजे पीसीच्या आत दुसरा पीसी (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, घालून दिलेलं आणि एक्स्पोर्ट करून, म्हणजे सगळं मशीन फाइलमधे बांधून, बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवलेलं. पीसी गेला, हार्डडिस्क शाबूत आहे, आणि महाजनांची सभा येत्या रविवारी.

आधीच सांगतो, इम्पोर्ट हे चार क्लिकचं काम आहे, त्याला घाबरायचं काही नाही. लोक अडकतात ते त्याच्या आधी, आणि मग मशीन पहिल्यांदा चालू करताना. फाइलमधे डिस्क येते, मशीनचं वर्णन येतं, पण ते मशीन ज्या पीसीवर होतं, ज्या राउटरच्या मागे होतं, ज्या नेटवर्क कार्डाला बांधलेलं होतं ते काही फाइलमधे येत नाही, आणि सगळी भानगड तिथेच होते. म्हणून खाली इम्पोर्टपेक्षा आजूबाजूच्या गोष्टींवरच जास्त लिहिलंय. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय.

हातात नक्की कुठली फाइल आहे?

बहुतेकांकडे ओव्हीए असते, एकच मोठी फाइल. ही खरं तर साधी टार फाइल आहे, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं, ७-झिप या सॉफ्टवेअरने उघडली की आतलं सगळं दिसतं. आत नावाच्या शेवटी ओव्हीएफ असलेली एक छोटी फाइल असते, ती एक्सएमएल, म्हणजे नोटपॅडमधे वाचता येते. मग एक किंवा जास्त व्हीएमडीके, त्या खऱ्या डिस्क. आणि बहुतेक वेळा एमएफ नावाची अगदी चिमुकली फाइल, तिच्यात बाकीच्या फाइलींचे चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायचे आकडे. चवथ झाली की मखर सुटं करून बॉक्समधे भरतात आणि वर कुठला भाग कुठे बसतो त्याची चिठ्ठी ठेवतात ना, ओव्हीएफ म्हणजे ती चिठ्ठी. किती रॅम, किती सीपीयू, डिस्क कुठल्या कंट्रोलरला (डिस्क ज्याला जोडतात तो भाग), नेटवर्क कार्ड कुठल्या जातीचं, सगळं त्यात असतं. डीएमटीएफ नावाच्या संस्थेचं हे स्टँडर्ड आहे, पहिली आवृत्ती २००९ची, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्समधून काढलेली फाइल व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे जायला हवी. हवी म्हणतोय, जातेच असं नाही, त्याबद्दल पुढे.

काही जणांकडे ओव्हीए नसते, नुसती डिस्कची फाइल असते. व्हीडीआय असेल तर व्हर्च्युअलबॉक्सची, व्हीएमडीके असेल तर बहुधा व्हीएमवेअरची, व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स असेल तर हायपर-व्हीची, क्यूकाऊ२ असेल तर केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सची (ही सगळी व्हर्च्युअल मशीन चालवणारीच सॉफ्टवेअरं). प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप असेल तर नाव व्हीझेडडंपने सुरू होतं आणि शेवटी व्हीएमए, त्यापुढे झेडएसटी वगैरे लागलेलं असतं. एक्स्टेन्शन बघूनच पुढचा रस्ता ठरतो, उगाच नाव बदलून व्हीएमडीकेची व्हीडीआय करायला जाऊ नका, नाव बदलल्याने आतला फॉरमॅट बदलत नाही.

व्हीएमडीकेमधे एक खोच आहे. फोल्डरमधे एक अगदी छोटी, काही केबीची व्हीएमडीके आणि शेजारी त्याच नावाची पण शेवटी फ्लॅट लिहिलेली भली मोठी फाइल असेल, तर छोटी ही नुसती माहिती आणि मोठी हा खरा डेटा, दोन्ही लागतात. एस००१, एस००२ असे तुकडे असतील तर सगळेच्या सगळे लागतात. आणि ०००००१ असा आकडा असेल तर तो स्नॅपशॉट, म्हणजे मूळ डिस्कनंतरचे बदल त्यात आहेत, तो सोडून नुसती मूळ डिस्क चालवलीत तर मशीन चालू होईल पण डेटा स्नॅपशॉट घेतला त्या दिवसाचा दिसेल. लोक घाबरतात की डेटा गेला. गेलेला नसतो, शेजारच्या फाइलमधे असतो. पण तशीच मूळ डिस्क चालवून तिच्यात काही लिहिलंत तर मात्र ती साखळी तुटते, मग खरंच घाबरायची वेळ.

इम्पोर्टच्या आधी

पहिलं काम, फाइल नव्या पीसीच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा आणि बाहेरची हार्डडिस्क काढून कपाटात ठेवा. एकुलत्या एका प्रतीवर प्रयोग करायचे नाहीत, आणि यूएसबीवरून थेट इम्पोर्ट करताना केबल जरा हलली की सगळं पहिल्यापासून.

पेन ड्राइव्हवरून आणणार असाल तर तो फॅट३२ नाही ना बघा. फॅट३२वर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, विंडोज सरळ सांगतं की फाइल फार मोठी आहे आणि लोक समजतात पेन ड्राइव्ह भरला. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. आणि नेटवरून पाठवायचा विचार असेल तर ४० जीबीची फाइल गावातल्या नेटवरून अपलोड करत बसण्यापेक्षा हार्डडिस्क पिशवीत घालून कदंबाच्या बसने पणजीला गेलेलं लवकर होतं, हे गमतीने सांगत नाहीये.

कॉपी झाल्यावर चेकसम. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्टयूटिल, स्पेस, डॅश हॅशफाइल, मग फाइलचं नाव, मग एसएचए२५६. लिनक्सवर एसएचए२५६सम आणि फाइलचं नाव. एक्स्पोर्ट करणाऱ्याने आकडा लिहून ठेवला असेल तर तो जुळवा, नसेल तर निदान हार्डडिस्कवरच्या आणि कॉपी केलेल्या फाइलचा आकडा एकच येतो का बघा, कॉपी नीट झाली एवढं तरी कळतं. याला जो वेळ जातो तो वाया नाही, कारण अर्धवट कॉपी झालेली ओव्हीए कधीकधी अर्ध्याहून जास्त इम्पोर्ट होते आणि मगच एरर देते.

जागा. ओव्हीएमधल्या डिस्क कॉम्प्रेस केलेल्या असतात, त्यामुळे १२ जीबीची ओव्हीए उघडल्यावर ३० जीबी होणं अगदी सहज. ओव्हीएफ नोटपॅडमधे उघडून डिस्कच्या ओळीत कपॅसिटी बघा, तेवढी पूर्ण जागा धरून चाला, शिवाय ओव्हीए स्वतः बसलीय तेवढी वेगळी.

मग नव्या पीसीच्या बायोसमधे, म्हणजे पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधे, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम असं नाव असतं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधे सीपीयूवर गेलात तर खाली व्हर्च्युअलायझेशन इनेबल्ड की डिसेबल्ड ते दिसतं. तिथे इनेबल्ड असूनही व्हर्च्युअलबॉक्स रडत असेल किंवा मशीन कासवासारखं चालत असेल, तर मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा, खरोखरचं कासवाचं चित्र असतं. त्याचा अर्थ विंडोजचं हायपर-व्ही आधीच ताबा घेऊन बसलंय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या वरून चालतोय. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद करा, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी हेही कारण असू शकतं, पण ती सुरक्षेची गोष्ट आहे, नुसत्या स्पीडसाठी बंद करण्याआधी विचार करा. देवस्थानाच्या हिशेबाला कासव चालतं.

आणि मॅकवाल्यांनी इथेच थांबा. एम१ किंवा नंतरच्या चिपचा मॅक असेल तर साध्या पीसीवरून एक्स्पोर्ट केलेलं विंडोज त्यावर असं सरळ चालणार नाही, प्रोसेसरची जातच वेगळी. यूटीएम नावाच्या सॉफ्टवेअरने एम्युलेट करून, म्हणजे पीसीच्या प्रोसेसरची नक्कल करून, चालवता येतं, पण इतकं सावकाश की एक पावती छापेपर्यंत चहा होतो. कुणाचा तरी इंटेल-एएमडीचा पीसी मागून आणा. लॅपटॉप मिळाला तर उत्तम, इम्पोर्ट चालू असताना लाईट गेली तरी बॅटरी आहे.

व्हर्च्युअलबॉक्समधे

फाइल मेनू, इम्पोर्ट अप्लायन्स, किंवा कंट्रोल आणि आय. ओव्हीए दाखवा. मग एक यादी येते, त्यात मशीनचं नाव, ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकार, सीपीयू, रॅम, यूएसबी, साउंड, नेटवर्क अडॅप्टर, स्टोरेज कंट्रोलर आणि त्याखाली डिस्क. बहुतेक लोक ही यादी न वाचता सरळ फिनिश दाबतात. जरा थांबा, ही यादी म्हणजे जुन्या पीसीची मापं आहेत. जुन्या पीसीत १६ जीबी रॅम होती आणि मशीनला ८ दिली होती, नवा लॅपटॉपच ८ जीबीचा असेल तर ती ओळ डबल क्लिक करून ४ करा. साउंड कार्ड, डीव्हीडी नको असतील तर टिक काढा. स्टोरेज कंट्रोलर मात्र आहे तसाच ठेवा, कारण पुढे सांगतो.

यादीच्या खाली दोन गोष्टी आहेत, त्याच महत्त्वाच्या. एक मॅक अॅड्रेस पॉलिसी. हा मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर, अॅपलचा मॅक नव्हे. आपोआप निवडलेला पर्याय असतो तो फक्त नॅटवाल्या (तुमच्या पीसीच्या आडून नेट वापरणाऱ्या) अडॅप्टरचा मॅक ठेवा असा, म्हणजे मशीन ब्रिज्ड (राउटरला वेगळ्या पीसीसारखं दिसणारं) असेल तर त्याला नवा मॅक मिळतो. आता तुम्हाला काय करायचंय त्यावर ठरवा. जुना पीसी मेलाय आणि हे मशीन त्याची जागा घेणार आहे, तर सगळे मॅक अॅड्रेस ठेवा असं निवडा. राउटरमधे त्या मॅकला आयपी बांधून ठेवला असेल, प्रिंटर शेअर असेल, एखाद्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅकला चिकटलेलं असेल, ते सगळं तसंच चालत राहतं. उलट जुनं मशीन अजून चालू आहे आणि ही नुसती चाचणीची प्रत, तर सगळ्यांना नवे मॅक द्या, नाहीतर एकाच नेटवर्कवर एकाच मॅकची दोन मशीनं येतील आणि दोन्ही अधूनमधून नेटवरून पडत राहतील. अशी चूक शोधायला माणूस राउटर बदलेपर्यंत जातो.

दुसरी गोष्ट, हार्डडिस्क व्हीडीआय म्हणून इम्पोर्ट करा ही टिक. चालू ठेवा. पुढे डिस्क मोठी करायची वेळ आली तर व्हर्च्युअलबॉक्सला व्हीडीआय सहज वाढवता येते.

कमांडवर हात बसलेल्यांसाठी, व्हीबॉक्समॅनेज इम्पोर्ट, फाइलचं नाव, मग दोन डॅश लावून ड्राय-रन. काहीही न बदलता नुसती यादी दाखवतो, कुठल्या नंबरचं युनिट काय आहे ते कळतं. मी तर आधी हेच करून बघतो, ओव्हीए मुळात वाचता येतेय का ते इथेच कळतं.

डायजेस्ट (म्हणजे चेकसम) जुळत नाही, व्हीईआरआर नॉट ईक्वल, असा एरर आला तर दोनच शक्यता. कुणीतरी ओव्हीएफमधे हात घालून बदल केलाय आणि एमएफमधला चेकसम जुनाच आहे, किंवा फाइल खराब झालीय. कुठली ते एररमधेच कळतं, नाव ओव्हीएफचं असेल तर पहिलं कारण संभवतं, नाव व्हीएमडीकेचं असेल तर बहुधा कॉपी फसलीय, परत कॉपी करा. नेटवर लोक सरसकट सांगतात की एमएफ उडवून टाका, चालतं. चालतं खरं, पण डिस्कचाच चेकसम चुकत असताना एमएफ उडवणं म्हणजे ताप बघायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडणं.

पहिल्यांदा चालू करताना नेटवर्कची केबल काढून

ही या सगळ्यातली सगळ्यात कामाची सवय, आणि सगळ्यात कमी लोक पाळतात. इम्पोर्ट झालं, लगेच स्टार्ट दाबू नका. सेटिंग्ज, नेटवर्क, अॅडव्हान्स्ड, तिथे केबल कनेक्टेडची टिक काढा. व्हीएमवेअरमधे कनेक्ट अॅट पॉवर ऑनची टिक, प्रॉक्समॉक्समधे नेटवर्क डिव्हाइसला डिस्कनेक्ट, हायपर-व्हीमधे नॉट कनेक्टेड. मग चालू करा.

कशाला? कारण हे मशीन एक्स्पोर्टच्या दिवशी झोपलं आणि आज उठतंय, मधे काय झालं त्याला माहीत नाही. त्यात एखादं सिंक करणारं सॉफ्टवेअर असेल तर ते उठल्या उठल्या जुना डेटा वर ढकलू शकतं. ठरावीक वेळेचे मेल असतील ते जातील. आयपी स्थिर दिलेला असेल आणि मधल्या काळात तो दुसऱ्या कुणाला दिला असेल तर भांडण. आणि आत विंडोज ७ असेल तर त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२०ला बंद झालेत, विंडोज १०चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, असलं मशीन आधी आत डोकावून बघावं, मग ठरवावं त्याला इंटरनेट द्यायचं की नाही. हिशेबाच्या जुन्या मशीनला इंटरनेट लागतच नाही बहुतेक वेळा, होस्ट-ओन्ली नेटवर्क, म्हणजे फक्त तुमच्या पीसीशी बोलणारं, पुरतं.

चालू झालं की आधी सॉफ्टवेअर उघडून शेवटची पावती कुठल्या तारखेची ते बघा. समजा एक्स्पोर्ट शिगम्याच्या आधीचा आहे आणि आज जून, तर मधल्या सगळ्या पावत्या यात नाहीत, त्या छापील पावतीपुस्तकावरून परत भराव्या लागतील. हे सभेच्या आदल्या रात्री नाही, आत्ता कळायला हवं. कुणाला तरी पुस्तकं घेऊन बसवा.

ब्रिज्ड असलेलं मशीन व्हर्च्युअलबॉक्समधे चालू करताना बहुतेक वेळा एक खिडकी येते, अमुक नेटवर्क इंटरफेस सापडला नाही, आणि पुढे जुन्या पीसीच्या कार्डाचं नाव, रिअलटेक पीसीआयई असं काहीतरी लांबलचक. घाबरू नका, जुन्या पीसीत ते कार्ड होतं, यात दुसरं आहे. चेंज नेटवर्क सेटिंग्ज दाबा, खाली नाव या यादीतून या लॅपटॉपचं कार्ड किंवा वायफाय निवडा, ओके. तसंच शेअर्ड फोल्डर, जुन्या पीसीवरच्या डी ड्राइव्हमधला कुठलातरी पाथ त्यात लिहिलेला असतो, तो इथे नसतो, परत दाखवावा लागतो. यूएसबी डोंगल असेल तर त्याचा फिल्टर परत लावा. विंडोज आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर दोन्ही हार्डवेअर बदललं म्हणून अॅक्टिव्हेशन मागू शकतात, त्याचे नंबर कुणाकडे आहेत ते आधीच विचारून ठेवा, नेमका तो माणूस मुंबईला गेलेला असतो.

व्हर्च्युअलबॉक्समधून व्हीएमवेअरमधे न्यायचं तर

व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४पासून सगळ्यांना फुकट आहे, धंद्यासाठी वापरलं तरी, म्हणून हल्ली हा प्रश्न जास्त येतो. फाइल, ओपन, ओव्हीए दाखवा. इम्पोर्ट फेल झालं, स्पेसिफिकेशनच्या तपासणीत पास झालं नाही असा डबा येतो, त्यात रिट्राय असतं, ते दाबा. रिट्रायमधे तपासणी सैल होते आणि बहुतेक वेळा काम होऊन जातं.

ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरचं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर, मात्र ऐकत नाही. तो सांगतो अनसपोर्टेड हार्डवेअर फॅमिली, व्हर्च्युअलबॉक्स-२.२. तेव्हा ७-झिपने ओव्हीए सोडवा, ओव्हीएफ नोटपॅडमधे उघडा, व्हर्च्युअल सिस्टिम टाइप अशी ओळ शोधा, तिथे व्हर्च्युअलबॉक्स-२.२ लिहिलेलं असतं, ते बदलून व्हीएमएक्स-०७ करा. फाइल बदलली म्हणजे चेकसम बदलला, म्हणून एमएफमधला आकडा नवा घाला किंवा इथे एमएफ काढून टाका, कारण बदल तुम्हीच केलाय हे तुम्हाला माहीत आहे. आणि परत ओव्हीए बांधत बसू नका, सरळ ओव्हीएफ आणि व्हीएमडीके या दोन फाइली दाखवून इम्पोर्ट करा. बांधायचीच झाली तर टारमधे ओव्हीएफ पहिली असावी लागते, क्रम चुकला की वाचणारा अडतो.

नुसती डिस्कच उरलीय

हे वाटतं तितकं वाईट नाही. त्याच सॉफ्टवेअरमधे नवं मशीन बनवा, डिस्क नवीन करू नका, असलेली वापरा असा पर्याय असतो तिथे ही फाइल दाखवा. फक्त एक अंदाज बरोबर यावा लागतो, जुनं मशीन बूट व्हायला जुनं बायोस वापरत होतं की त्याचा नवा प्रकार यूईएफआय. चुकलात तर बूटेबल मीडिया नाही असं सांगेल किंवा काळा पडदा. तेव्हा ती एक टिक उलटी करून बघा, डिस्क खराब झाली असं लगेच ठरवू नका. हायपर-व्हीमधे हे जनरेशनमधे ठरतं, पहिली म्हणजे बायोस, दुसरी म्हणजे यूईएफआय, आणि एकदा मशीन बनवलं की जनरेशन बदलता येत नाही, नवीनच बनवावं लागतं. डिस्क तीच राहते.

फॉरमॅट बदलायचा असेल तर क्यूईएमयू-इमेज हे हत्यार. उबुंटूवर क्यूईएमयू-यूटिल्स पॅकेजमधे येतं. आधी क्यूईएमयू-इमेज इन्फो आणि फाइलचं नाव, त्यात खरा फॉरमॅट आणि व्हर्च्युअल साइज दिसते. मग क्यूईएमयू-इमेज कन्व्हर्ट, डॅश पी म्हणजे किती टक्के झालं ते दिसतं, डॅश मोठा ओ आणि क्यूकाऊ२, मग जुनी फाइल, मग नवी. मूळ फाइलला हात लागत नाही, नवी वेगळी बनते, म्हणून दोन्हींना पुरेल एवढी जागा हवी.

प्रॉक्समॉक्स आणि हायपर-व्ही थोडक्यात

प्रॉक्समॉक्स ८.३पासून ओव्हीए वेब पेजवरूनच घेता येते, फक्त त्या स्टोरेजच्या कंटेंटमधे इम्पोर्ट चालू करावं लागतं. जुन्या आवृत्तीत ओव्हीए सोडवून क्यूएम इम्पोर्टओव्हीएफ, मशीनचा नंबर, ओव्हीएफचं नाव, स्टोरेजचं नाव. यात रॅम, कोअर आणि डिस्क येतात, नेटवर्क येत नाही, ते हाताने जोडा.

प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप असेल तर क्यूएमरिस्टोर, फाइल, आणि नंबर. इथे डोळे उघडे ठेवा. जे मशीन आहे त्याच नंबरवर रिस्टोर केलंत तर आधीचा डेटा पुसला जातो, वेब पेजवर तो विचारतो तसं, पण आपण घाईत येस दाबतो. म्हणून कायम रिकाम्या नंबरवर रिस्टोर करा, बघा, पटलं की मग जुनं काढा. आणि चाचणीची प्रत असेल तर युनिक हा पर्याय लावा, नवा मॅक मिळतो.

हायपर-व्हीला ओव्हीए कळत नाही, त्याचा एक्स्पोर्ट म्हणजे एक फोल्डर असतो. इम्पोर्टमधे तीन पर्याय येतात. रजिस्टर म्हणजे फाइली आहेत तिथूनच चालवा, ओळख तीच. रिस्टोर म्हणजे फाइली दुसरीकडे कॉपी करा, ओळख तीच. कॉपी म्हणजे कॉपीही करा आणि नवी ओळखही द्या. जुना पीसी गेलेला असेल तर रिस्टोर, चाचणीला कॉपी, आणि बाहेरच्या हार्डडिस्कवरून रजिस्टर कधीच नको, नाहीतर बॅकअपची प्रतच चालतं मशीन होऊन बसते. व्हर्च्युअल स्विचचं नाव नव्या पीसीवर वेगळं असेल तर तो विचारतो, निवडून द्या. मशीन सेव्ह अवस्थेत असताना एक्स्पोर्ट केलेलं असेल आणि नवा प्रोसेसर वेगळा असेल तर ते उठत नाही, डिलीट सेव्ह्ड स्टेट करा, डिस्क जागच्या जागी राहते. व्हर्च्युअल टीपीएम (सुरक्षा चिपची नक्कल) लावलेलं मशीन मात्र जुन्या पीसीवरची सर्टिफिकेट नसतील तर सुरूच होणार नाही, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल तर रिकव्हरी की हवीच.

निळा पडदा आणि हरवलेलं नेटवर्क

विंडोज बूट होताना निळा पडदा आणि शेवटी ७बी असलेला कोड किंवा इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस दिसलं, तर बहुधा डिस्क बिघडलेली नाही, कंट्रोलर बदललाय. जुन्या मशीनमधे डिस्क साटावर होती, नव्यात तुम्ही व्हर्टआयओ या वेगळ्या जातीच्या कंट्रोलरवर जोडलीत, विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नाही. म्हणून वर म्हटलं कंट्रोलर आहे तसाच ठेवा. प्रॉक्समॉक्सवर आल्यावर आधी डिस्क साटा किंवा आयडीईवर लावून मशीन उठवा, मग १ जीबीची एक डमी डिस्क व्हर्टआयओवर जोडा, व्हर्टआयओ-विनची आयएसओ लावून ड्रायव्हर घाला, बंद करा, आता खरी डिस्क व्हर्टआयओवर न्या, बूट ऑर्डरमधे तिला टिक करा आणि डमी काढा. सेंटओएस घराण्यातलं लिनक्स असेल तर ड्राकट लिहिलेल्या प्रॉम्प्टवर अडकतं, बूट मेनूत रेस्क्यू ओळ निवडून आत जा आणि ड्राकट डॅश एफ, रीजनरेट-ऑल चालवा.

नेटवर्क. लिनक्समधे कार्डाचं नाव स्लॉटवरून पडतं, व्हर्च्युअलबॉक्समधे बहुधा ईएनपी०एस३, व्हीएमवेअरमधे ईएनएस३३, प्रॉक्समॉक्समधे ईएनएस१८. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमधे जुनं नाव असतं म्हणून आयपी मिळत नाही. आयपी, स्पेस, ए टाइप करून नवं नाव बघा, फाइलमधे घाला, नेटप्लॅन अप्लाय. विंडोजमधे उलटं होतं, नव्या कार्डाला जुना आयपी द्यायला गेलात की सांगतं हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे, जो आता मशीनमधे नाही. डिव्हाइस मॅनेजर, व्ह्यू, शो हिडन डिव्हायसेस, आणि ते फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल.

एकाच इमेजवरून दोन-तीन उबुंटू उभी केलीत आणि मॅक वेगळे असूनही सगळ्यांना एकच आयपी मिळतोय असं झालं तर मशीन-आयडी सारखा आहे. ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करून रीबूट करा, आणि एसएसएचच्या होस्ट कीही नव्या बनवा. विंडोजच्या प्रती काढायच्या असतील तर विंडोजमधलंच सिसप्रेप चालवा. ऑफिसातला डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) जुन्या इमेजवरून परत आणायचा बेत असेल आणि दुसरा कंट्रोलर चालू असेल, तर आणू नका, नवीन उभा करून त्याला दुसऱ्याकडून डेटा घेऊ द्या.

सगळं चालायला लागलं, मधल्या पावत्या भरून झाल्या, की नवा एक्स्पोर्ट काढा. मशीन आतून नीट शटडाउन करून, सेव्ह स्टेटमधे ठेवून नाही. फॉरमॅट १.०, राइट मॅनिफेस्टची टिक चालू, आयएसओ घालायची टिक बंद. स्नॅपशॉट ओव्हीएमधे जात नाहीत, त्या क्षणाची अवस्था तेवढी जाते, म्हणून जुना एखादा स्नॅपशॉट हवा असेल तर त्यावरून क्लोन काढून तो वेगळा एक्स्पोर्ट करा. फाइलच्या नावात तारीख घाला, चेकसम एका टेक्स्ट फाइलमधे शेजारी ठेवा, त्याच फाइलमधे बायोस की यूईएफआय, मशीनचा आयपी आणि लायसन्सचे नंबर कुणाकडे आहेत तेही लिहा. जुनी ओव्हीए ऑडिट होईपर्यंत राहू दे.